के-व्हिलची कुळकथा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात दर जानेवारीत बास्केटबॉल स्टेडियमबाहेर तंबूंची वस्ती उठते. शेजारच्या चॅपल हिलचा संघ खेळायला येणार असतो आणि पोरांना मैदानालगत उभं राहायचं असतं. त्यासाठी भर थंडीत आठवडेच्या आठवडे मुक्काम. एका तंबूमागे बारा जण. रांगेवर देखरेख ठेवणारे विद्यार्थी अपरात्रीही हजेरी घ्यायला येतात. डोकी कमी भरली की तंबूचा नंबर गेलाच म्हणून समजा. परीक्षेची तयारीही टॉर्चच्या उजेडात.

सुरुवात १९८६ ची. मिरकोर्ट वसतिगृहातल्या टोळक्याने सामन्याआधी चार तंबू ठोकले. प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांच्यावरून वस्ती झाली शशेफ्स्कीव्हिल, लाडाने के-व्हिल.

पण रांग लागते ती जागा अपुरी म्हणून. १९४० साली उघडलेल्या या स्टेडियममध्ये आज ९,३१४ माणसं मावतात, आणि खालची लाकडी बाकं, जी इतरत्र बड्या देणगीदारांकडे जातात, ती इथे विद्यार्थ्यांची. गंमत अशी की आराखडा चालू असताना वास्तुरचनाकारांच्या कचेरीला आठ हजार आसनंही जरा जास्तच वाटली होती. पहिला नकाशा म्हणे एडी कॅमेरॉन आणि वॉलेस वेड या प्रशिक्षकांनी काडेपेटीवर काढला. असेलही. इमारतीची खरी रचना मात्र फिलाडेल्फियातल्या ट्रम्बावर कंपनीच्या ज्युलियन एबेल यांची. विद्यापीठाचं उंच चॅपलही त्यांचंच. एबेल कृष्णवर्णीय होते, आणि पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीयांना ड्यूकने घेतलं ते थेट १९६३ मध्ये.

तंबू लागले त्याच १९८६ मध्ये चॅपलसमोर झोपड्याही उभ्या राहिल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ. आवाराच्या देखण्या रचनेला हे शोभत नाही, अशी तक्रार कुणीतरी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात केली. उत्तर दिलं एबेल यांच्याच कुटुंबातल्या एका विद्यार्थिनीने: ही रचना करणारा स्वतः अमेरिकेतल्या वर्णभेदाचा बळी होता, त्याला या झोपड्या खटकल्या नसत्या. तोवर आवारातल्या बहुतेकांना हा माणूस ठाऊकच नव्हता.

स्टेडियमला कॅमेरॉन यांचं नाव १९७२ मध्ये मिळालं, आतल्या मैदानाला शशेफ्स्कींचं २००० मध्ये. एबेल यांचं नाव मुख्य चौकाला लागलं २०१६ साली.