उपनगरातले बालपण

ठाणे आणि कल्याण यांना मुंबईची उपनगरे म्हणताना जीभ थोडी अडखळावयास हवी. मुंबई म्हणजे विखुरलेली बेटे होती तेव्हा कल्याणचे बंदर नांदते होते; कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, पुढल्याच वर्षी कल्याणास पोचली, आणि वडील भाऊ धाकट्याच्या घड्याळावर चालू लागला. डोंबिवलीची गोष्ट निराळी. ते भातखाचरांतले गाव. त्याचे शहर केले ते गाडीने आणि मुंबईतल्या जागेच्या टंचाईने.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना आसरा मिळाला. परंतु नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यास पागडीवाचून खोली मिळेना. मग गिरगाव-दादरच्या चाळींतली धाकटी पाती लग्नानंतर डोंबिवलीस येऊन राहिली. रोज सुमारे ४८ किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे, यात त्यांना स्वतःला कसले सुख? दोन खोल्या, विहीर, पुढे थोडे अंगण हे त्यांनी घेतले ते मुलांसाठी. आणि ज्यांच्यासाठी घेतले त्या मुलांनाच वडील दिसेनासे झाले! आमच्या बालपणाचा जमाखर्च मांडताना ही बाजू कोणी फारशी लिहीत नाही.

साठ सालच्या आगेमागे आमच्या घरात गाड्यांना मिनिटांची नावे होती. वडील ‘आठ-बाराला’ गेले, असे आई म्हणे. ते परतत तेव्हा आमची पाटी-दप्तरे मिटलेली असत. रविवारी ते घरी असले की पाहुणे आल्यासारखे आम्ही बेताने बोलत असू. आम्हाला वाढविले ते आईने, शेजारच्या काकूंनी आणि टोपली घेऊन येणाऱ्या आगरी मावशीने. ती भाजी मोजता मोजता आमची शाळा बुडल्याचीही चौकशी करी. उरलेले काम वाचनालयांनी केले. या बाबतीत कल्याण-ठाण्याची मुले आमच्यापेक्षा भाग्यवान: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे.

मुंबईस जाणे हा सणच. पारसिकच्या बोगद्यात, १९१६ साली खुल्या झालेल्या त्या काळोखात, गाडी शिरली की आम्ही मोठ्याने आकडे मोजू लागत असू. वडील तेथून दिवसातून दोनदा जातात हे तेव्हा मनात येत नसे.

पावसाळा मात्र आजही आठवतो. रूळ पाण्याखाली गेले की गाड्या बंद. टेलिफोन कोणाकडे? दिवेलागणीनंतर आया ओटीवर येऊन उभ्या राहत. पुढे रुळांवरून चालत घोळके येऊ लागत. पायजमे-पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, डबा काखोटीला. पहिला घोळका मागल्यांची वर्दी देई: अमके दिव्याला दिसले, तमके ठाण्यालाच थांबले. ज्या घरचे नाव निघत नसे त्या घरी त्या रात्री शेजारणी बसावयास जात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या थांबल्या, आणि पुन्हा रुळांवरून माणसे चालू लागली. आता चालणारे आमच्या वयाचे, त्या अंगणांतून वाढलेले होते. खिडकीत उभी होती ती त्यांची मुले.