मुल्कोवाल दुर्घटना

मुल्कोवाल दुर्घटना ही ब्रिटिश भारतातील पंजाब प्रांतात, मुल्कोवाल या गावी (आता पाकिस्तानात) ऑक्टोबर 1902 मध्ये घडलेली लसीकरणातील दुर्घटना होय. प्लेगप्रतिबंधक लस टोचलेल्या 19 जणांचा तीत धनुर्वाताने मृत्यू झाला. लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन यांना दोषी धरणारा अधिकृत निष्कर्ष आणि त्याला शास्त्रज्ञांनी पुढे केलेला विरोध यांमुळे हे प्रकरण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

मुंबईत 1896 साली प्लेगची साथ उद्भवल्यावर सरकारने हाफकिन यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील कैद्यांपैकी काहींना ती देण्यात आली व उरलेल्यांशी तुलना करता लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी आढळले. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

घटना

30 ऑक्टोबर 1902 रोजी मुल्कोवालमध्ये 107 जणांना पाच बाटल्यांतील लस टोचण्यात आली. त्यांपैकी 53-एन या एकाच बाटलीतील लस मिळालेल्या सर्व 19 जणांना सुमारे आठवडाभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व दगावले. उरलेल्या 88 जणांना काही झाले नाही.

चौकशी व मतभेद

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने, बाटली परळ येथे भरतानाच दूषित झाली असावी, असे मत दिले. हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत बदलली होती व तीत कार्बॉलिक आम्ल वगळले होते, यावर मंडळाचा विशेष रोख होता. हाफकिन पदावरून दूर झाले आणि 1904 मध्ये त्यांनी भारत सोडला.

मंडळापुढील साक्षीत मात्र एक गोष्ट नोंदली गेली होती. बाटली उघडण्यापूर्वी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो कार्बॉलिकच्या द्रावणात नुसता बुडवून त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्रास आढळतात आणि अशा क्षणिक बुडवण्याने ते मरत नाहीत. हा तपशील किरकोळ कसा ठरला, हे आजही कोडेच वाटते.

चौकशीची कागदपत्रे डिसेंबर 1906 मध्ये भारत सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली, म्हणजे चार वर्षे शास्त्रज्ञांना मूळ पुरावा तपासण्याची सोयच नव्हती. त्यानंतर हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी हाफकिन यांची बाजू घेतली. बाटली भरून 41 दिवस झाले होते. इतके दिवस तीत धनुर्वाताचे जंतू वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी जाणवली असती. तशी ती जाणवल्याची नोंद नव्हती. शिवाय साठलेल्या विषामुळे लक्षणे आठवड्याच्या आतच दिसली असती. कार्बॉलिक आम्लाचा मुद्दाही लंगडा होता. लसीत घालण्याइतक्या सौम्य प्रमाणात ते धनुर्वाताच्या बीजाणूंचा नाश करू शकत नाही. जुलै 1907 मध्ये रॉस, सिम्पसन व इतर आठ जणांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे अधिकृत मंडळ एका बाजूला आणि असहमत शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते. पण वाद लसीच्या उपयुक्ततेविषयी नव्हता. सर्वसामान्यांत मात्र हा भेद पोचला नाही. पंजाबातील लसीकरणाची मोहीम थंडावली आणि पुढील काही वर्षे त्या प्रांतात प्लेगने थैमान घातले.

परिणाम

सरकारने 1907 अखेर हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले, परंतु कलकत्त्यास. परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले व ती आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.