मानपाड्यालाच आहे

"काका, कुठे पोचलात?"

"मानपाड्याला."

"अहो, अर्ध्या तासापूर्वीही मानपाड्यालाच होतात ना?"

"तिथंच आहे, ताई."

1991 ते 2019 अशी अठ्ठावीस वर्षं मी ठाण्यात शाळेची बस चालवली. त्यातली शेवटची बावीस घोडबंदर रोडवर. वरच्या संवादातला माझा भाग मला अजून झोपेतही म्हणता येतो. सकाळच्या फेरीला मुलं पेंगत असतात, म्हणून निभावतं. दुपारच्या परतीला डबे संपलेले, बाटल्या रिकाम्या आणि मागच्या सीटवरच्या एखाद्याला नेमकी लघवी लागलेली. कुठला वॉचमन गेट उघडून पोरांना आत घेतो आणि कुठल्या पेट्रोल पंपावरचा नळ चालू असतो, हे आमच्या बसमधल्या मावशींना तोंडपाठ होतं. त्यांच्या डोक्यातला घोडबंदरचा नकाशा तेवढाच होता आणि तो माझ्यापेक्षा बरा होता.

ठाण्यात गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगा, शिव्या द्यायला एकच रस्ता निवड. एके काळी कोपरीच्या पुलाला बरीच मतं पडली असती. आठ पदरी हायवे त्या पुलापाशी येऊन अचानक निम्मा व्हायचा. मग पूल रुंद झाला आणि लोक त्याला विसरले. घोडबंदरला विसरायची सोय नाही. माजिवड्यापासून वरसाव्यापर्यंत अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्याला मी एकदा पावणेचार तास घेतले आहेत.

निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायची सवय लागली. 1893 सालची संस्था आहे. पंखा बरा, खुर्ची बरी आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. तिथं ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर चाळलं, 1882 चं. इंग्रजी मला जड जातं, पण गावांची नावं ओळखीची असली की वाक्यं आपोआप सुटतात. ज्या रस्त्यानं माझा क्लच दर दीड-दोन वर्षांनी खाल्ला, त्याची कुंडली एकदा पाहावी एवढाच हेतू होता.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की इथला मूळ हमरस्ता पाण्याचा. उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि ठाण्यापाशी तिला दोन वाटा फुटतात. एक ठाण्याची खाडी होऊन दक्षिणेला मुंबई बंदराकडे जाते, दुसरी वायव्येला वळून वसईकडे समुद्राला मिळते. साष्टीचं बेट या दोन वाटांमुळेच बेट झालं. कल्याणचा माल, वसईचा माल, सगळा या खाडीतून होड्यांनी ये-जा करायचा. पोर्तुगीजांनी वसईला आपलं ठाणं केलं, तेव्हा खाडीवर नजर ठेवायला काठाकाठानं चौक्या-बुरूज बांधले. घोडबंदरचा किल्ला त्यातलाच. किल्ल्यावर चढून पाहा: तोंड खाडीकडे आहे. रस्त्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, कारण लक्ष ठेवण्यासारखा रस्ताच नव्हता.

नावाचं म्हणाल तर, अरबस्तानातून आलेले घोडे या बंदरात उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. 1672 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं इथं धडक मारली, पण पोर्तुगीजांनी ठाणं राखलं. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्लाही मराठ्यांकडे आला आणि घोडबंदरही. वसई त्यानंतर दोन वर्षांनी पडली. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या भिंतीजवळून मी रोज बस काढायचो आणि आतल्या लोकांना निदान जाम लागत नाही, असा एक पापी विचार मनात यायचा.

दुसरी गोष्ट कळली आणि मी खुर्चीतच हसलो. घोडबंदर रोड एक नव्हे, दोन होते. वांद्र्याहून अंधेरी, मालाड, बोरिवली करत उत्तरेला जाणारा जो रस्ता आज स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे एस. व्ही. रोड, त्याचंही जुनं नाव घोडबंदर रोडच. एक मुंबईकडून घोडबंदरला जायचा, एक ठाण्याकडून. साष्टीच्या दोन्ही कडांनी दोन वाटा वर चढून बेटाच्या टोकाशी, खाडीच्या उतारापाशी भेटायच्या. त्यातली मुंबईकडची वाट बोरिवलीपर्यंत शहरानं कधीच गिळली. तिच्यावर दुकानं आली, गर्दी झाली, मग तिला बगल द्यायला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे झाला. आता लोक त्याही हायवेला शिव्या घालतात.

त्या वाटेच्या सुरुवातीची एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा पाणी आणि दलदल होती. होड्या उलटायच्या, माणसं जायची. सरकार पैसे काढेना. शेवटी जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी पदरचे 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांची अट एकच होती: या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीमच्या ज्या एल. जे. रोडवर आपण हॉर्न वाजवत बसतो, तो लेडी जमशेटजी रोड, म्हणजे याच बाईंचा. मुंबईच्या पाच वेशींवरचा टोल हलक्या गाड्यांना माफ व्हायला 2024 चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अवाबाईंना हे 179 वर्षं आधी सुचलं होतं.

आता आमची ठाण्याकडची वाट. ही बरीच वर्षं वाटच राहिली. एका हाताला येऊरचा डोंगर आणि त्यापलीकडे नॅशनल पार्कचं जंगल, दुसऱ्या हाताला खाडी आणि खारफुटी. मधली जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावरून रस्ता. नावं वाचत चला, म्हणजे इथं कोण राहत होतं ते कळेल. मानपाडा, पाटलीपाडा, डोंगरीपाडा, भाईंदरपाडा, काजूपाडा: पाडे मोजायला बोटं पुरत नाहीत. वाघबीळ. गायमुख. नागला बंदर. मी 1997 मध्ये या मार्गावर आलो तेव्हा कासारवडवलीच्या पुढे संध्याकाळी दिवे लावून गाडी चालवताना खरंच भीती वाटायची. ओवळ्याला भातशेती होती. पावसाळ्यात शेतातलं पाणी रस्त्यावर यायचं आणि त्यासोबत खेकडे. पोरं खिडकीतून खेकडे मोजायची.

एवढ्या चिंचोळ्या पट्टीतून मग दोन पूर एकदम आले.

एक पूर बंदराचा. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. तिथं उतरलेला कंटेनर गुजरातेत न्यायचा तर अहमदाबाद हायवे गाठायला हवा. मुंब्रा बायपासनं वर या, माजिवड्याला वळा, घोडबंदर रोडनं वरसाव्याच्या पुलावर जा, खाडी ओलांडा, सुटलात. भिवंडी-चिंचोटीची दुसरी वाट आहे, पण तिच्या खड्ड्यांची कीर्ती ट्रकवाल्यांमध्ये आमच्याही वर आहे. म्हणजे जुन्या बंदराच्या नावाचा रस्ता नव्या बंदराच्या मालाला मिळाला. (अंधेरीचं वर्सोवा वेगळं आणि आमचं वरसावे वेगळं. मोबाइलवरच्या नकाशावर भरवसा ठेवून वरसाव्याऐवजी समुद्रकिनारी पोचलेले पाहुणे आमच्या सोसायटीत आहेत.)

दुसरा पूर माणसांचा. ठाण्याची महानगरपालिका 1982 मध्ये झाली. टी. चंद्रशेखर आयुक्त असताना, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, गावातले रस्ते रुंद झाले आणि ठाण्यात राहण्यासारखं आहे असं मुंबईकरांना वाटू लागलं. मग पाटलीपाड्यापासून पुढे टॉवर उगवले. माझ्या बसमध्ये 1997 ला कासारवडवलीची चार मुलं होती. मी सोडताना तिथल्या मुलांसाठी दोन बस लागत होत्या. स्टेशन मात्र जिथं 1853 ला पहिली गाडी आली, तिथंच राहिलं. तेव्हा प्रत्येक घरातला कमावता माणूस रोज सकाळी याच एका रस्त्यावर.

रस्ता रुंद झाला. खासगी कंत्राटातून काम झालं, वाटेत टोलनाका बसला. मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ असे पूल उभे राहिले. या पुलांबद्दल माझं मत कटू आहे. पूल चढून जो जातो, त्याला ठाण्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला वापी गाठायची असते. दूधवाला, रिक्षा, शाळेची बस, अॅम्ब्युलन्स, हे सगळे पुलाखालच्या सिग्नलला. पूल गुजरातच्या गाडीला, सिग्नल आपल्याला. आम्हाला त्यातल्या त्यात आधार होता तो सर्व्हिस रोडचा. आता तोही मुख्य रस्त्यात मिळवायचं काम काढलं आहे. ज्या सोसायटीचं गेट सर्व्हिस रोडवर उघडत होतं, ते आता थेट कंटेनरसमोर उघडणार.

आणि गायमुखचा घाट. घाट म्हणजे कसारा नव्हे, चढ लहानसाच आहे. पण भरलेला ट्रेलर तिथं सेकंडवर रांगतो, खड्ड्यात चाक आपटतं, एक्सल तुटतो आणि मग एका बाजूला डोंगर, एका बाजूला उतार, हलणार कुठे? वनखात्याची जागा, तेव्हा रुंदीकरणालाही वेळ. एका जुलैत असाच ट्रेलर आडवा झाला आणि त्याच्या मागे माझी बस, आत बावीस मुलं. दोन तास झाले. ड्रायव्हर राजस्थानकडचा होता. त्यानं ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि मुलांसाठी बिस्किटांचे पुडे काढून दिले. मला म्हणाला, न्हावा-शेव्यातून काल दुपारी निघालोय. शहरात अवजड गाडी ठरावीक वेळेतच सोडतात, म्हणून माजिवड्याच्या अलीकडे रांगेत रात्र काढली. मी त्याला सुनावणारच होतो, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "काकाजी, तुम्ही लोक इथं राहता कशाला? हा तर हायवे आहे."

मी चहा पीत गप्प बसलो. त्याचं चुकलं नव्हतं. राज्याच्या कागदावर हा राज्यमार्ग आहे. आधी वाटसरूंनी, मग कंटेनरवाल्यांनी तो तसाच वापरला: इथून तिथं जायला. त्याच्यावर राहायला आलो ते आपण, आणि दुसरा रस्ता आपल्याला कोणी दिला नाही.

2018 च्या सुमारास मेट्रोचे पत्रे लागले. वडाळा ते कासारवडवली ही 32 किलोमीटरची मेट्रो 4, आणि पुढे गायमुखपर्यंतचा तुकडा. मधल्या दोन लेन पत्र्याआड गेल्या. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष मी त्या पत्र्यांना आरसे घासत काढलं. 2025 च्या सप्टेंबरात गाडीची चाचणी झाली, तेव्हा मी गच्चीवरून पाहिली. रिकामी गाडी, पण चालत होती, आणि खाली कोणी चालत नव्हतं. मेट्रोबद्दल मला आशा आहे. बोगद्याबद्दल कमी. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा 11.8 किलोमीटरचा, 2024 च्या जुलैत भूमिपूजन झालं. बोरिवली जवळ येईल हे खरं. पण त्याचं ठाण्याकडचं तोंड मानपाड्याजवळ आहे. मानपाड्याला! तिथं अर्ध्या तासापूर्वीही होतो आणि आत्ताही आहे, त्या ठिकाणी आणखी एक नळ सोडणार.

यात मला गंमत वाटते ती भाईंदरच्या रो-रोची. 2024 च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर फेरी बोट सुरू झाली. गाडी बोटीवर चढवा आणि खाडीतून पलीकडे उतरा. मी आणि आमच्या मावशी मुद्दाम एका रविवारी जाऊन आलो. मावशी आता गुडघ्यांनी थकल्यात, पण बोटीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, हॉर्न कुठाय?" खाडीत पाणी संथ होतं.

तुम्हाला घोडबंदरचा किल्ला पाहायचा असेल तर जरूर जा, खाडीचं वळण वरून फार सुरेख दिसतं. फक्त रविवार धरा, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, आणि काहीही झालं तरी सकाळी सातच्या आत गायमुख ओलांडा.