एक भूमी, अनेक उपयोग : गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलाव व निस्तार

सार्वजनिक उद्यान ही कल्पना आपल्याकडे विलायतेतून आली असे सामान्यतः मानले जाते. फुलझाडे, हिरवळ, बाके आणि भोवती लोखंडी कठडा, हे तिचे परिचित रूप होय. परंतु एकाच भूखंडावर अनेकांचे अनेक उपयोग सुखाने नांदावेत अशी योजना कठड्यावाचूनही होऊ शकते. वैनगंगेच्या खोऱ्यातील जुने तलाव हे तिचे ठळक उदाहरण म्हणावयास हरकत नाही. हे तलाव केवळ पाटबंधारे होते असे समजून त्यांचा इतिहास लिहिणे म्हणजे त्यांचा अर्धा भाग वगळणे होय.

या तलावांचे कर्ते मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना आपल्याबरोबर आणले, अशी दंतकथा रसेल व हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविली आहे. दंतकथेचे ऐतिहासिक मूल्य बेताचेच. मात्र धान व ऊस पिकविणाऱ्या या समाजाचे जलज्ञान वादातीत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधलेला नवेगावबांध हा त्यांच्या कर्तृत्वाचा मुकुटमणी. डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळीने बुजवून हा जलाशय सिद्ध झाला. अखंड धरण बांधण्यापेक्षा भूमीच्या उपजत घडणीचा लाभ घेण्याची ही दृष्टी आजच्या स्थापत्यशास्त्रज्ञालाही विचार करावयास लावील.

पाण्याचा विनियोग तर याहून उद्बोधक आहे. तुडुमातून सुटलेले पाणी बांधीबांधीतून उतरत धानाला मिळे. तलावात ढिवर मासे धरीत आणि शिंगाडा लावीत. गावची गुरे तेथेच पाणी पीत व उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या तळावर चरत. तळाचा गाळ शेतकरी खत म्हणून वाहून नेई. देवधानासारखे जलतृण पक्ष्यांना आणि माशांना आसरा देई. एकाचा उपयोग संपे तेथे दुसऱ्याचा सुरू होई. हे वेळापत्रक कोणत्याही कचेरीने आखलेले नव्हते. ते ऋतूंनी व गावच्या रिवाजाने आखले होते. अर्थात या रिवाजात जातींची उतरंड होतीच, आणि पाटलाचा शब्द ढिवराच्या शब्दाहून जड होता. जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या अभ्यासकांना याचे विस्मरण होते.

1860 नंतरच्या दशकात इंग्रजी बंदोबस्ताने मध्य प्रांतातील पाटलांना मालकी हक्क दिले. ते मालगुजार झाले आणि तलावांनाही ‘मालगुजारी’ हे नाव पडले. त्याबरोबरच गावकऱ्यांचे चराई, सरपण व पाणी यांविषयीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावदस्तऐवजात नोंदले गेले. रोजच्या गरजेच्या या हक्कांनाच निस्तार म्हणतात. मालकी एकाची व वहिवाट सर्वांची, ही तडजोड पुढे सुमारे ऐंशी वर्षे चालली.

या संदर्भात स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथील गोल्फच्या मैदानाचा इतिहास तुलनेस घेण्याजोगा आहे. 1552 च्या सनदेने तेथील समुद्रकाठच्या वालुकामय माळावर नागरिकांना गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरसभेने ही भूमी इतरांच्या हाती जाऊ दिली, तेथे व्यापारासाठी ससे वाढविले गेले आणि दीर्घकाळ खटले चालले. पुढे 1894 च्या कायद्यान्वये ती नगराकडे परत आली. आजही रविवारी जुन्या मैदानावर सामान्यतः खेळ बंद असतो व लोक तेथे मोकळेपणी फिरतात. खेळाचे मैदान आणि सार्वजनिक उद्यान एकाच जागी नांदू शकले, ते नागरिकांच्या पुरातन हक्काला कायद्याच्या एकाच चौकटीत स्थान मिळाले म्हणून.

गोंदियात नेमके उलट घडले. मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व 1951 मध्ये तलाव शासनाकडे गेले. हक्क बुडविण्याचा हेतू त्यात नव्हता; परंतु उपयोगांची वाटणी झाली. पाणी एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे, काठचे जंगल तिसऱ्याकडे. 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर लहान तलावांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पाळ दुरुस्त करणे हे पूर्वी मालगुजाराचे व गावाचे काम होते. आता ते कोणाचेच उरले नाही. गाळ साचला, तळावर बेशरम माजली. पूर्व विदर्भातील अशा सुमारे 7000 तलावांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे.

नवेगावबांधचा मार्ग वेगळा ठरला. त्याच्या भोवतालचे अरण्य 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. रक्षणाच्या दृष्टीने हे इष्टच होते. पण येथे ‘उद्यान’ या शब्दाचा अर्थ पालटला : लोकांनी यावे ते प्रेक्षक म्हणून, वहिवाटदार म्हणून नव्हे.

याच जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या साहाय्याने तलावांतील बेशरम काढून देशी जलवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला मानवते हे ज्ञान ढिवरांपाशी होते. कागदोपत्री ते कोठेच नव्हते. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात निस्तार हा शब्द पुन्हा आला असून, जलाशयातील मासे व अन्य उत्पन्न आणि चराई यांचेही सामूहिक हक्क त्यात मान्य केले आहेत. तथापि हा कायदा वनभूमीपुरता आहे, आणि गोंदियातील कितीतरी तलाव महसुली गावांच्या शिवारात, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आहेत.