टिफ्रॅक ते अर्का

मृगाचा पाऊस एकदा पडून दडी मारतो, तेव्हा तेलंगणातल्या नार्नूरच्या कोरडवाहू शिवारात कपाशीचे बियाणे जळते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. असा खंड आधी कळावा म्हणून जी यंत्रे राबतात, त्यांची वंशावळ पाहायला आपण आधी मुंबईला जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली चालू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आज त्याचे नावही फारसे कोणी घेत नाही, पण या घराण्याचा मूळपुरुष तोच.

१९७६मध्ये अमेरिकेत 'क्रे-१' आला आणि महासंगणक म्हणजे एकच अतिवेगवान यंत्र, ही समजूत रूढ झाली. मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी भारताने क्रे मागितला, तेव्हा अमेरिकेने मोठे यंत्र नाकारून धाकटे दिले, तेही अटी घालून. त्याच काळात, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या, नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या विजय भटकरांकडे आले. एक वेगवान प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक मध्यम प्रोसेसर एकत्र जुंपायचे, हा मार्ग त्यांनी धरला. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या असत. तीच घेऊन १९९१मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. खरी कसोटी काम वाटून देण्यात होती. हवामानाचेच पाहा: नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाचा दाब, तापमान, आर्द्रता वेगवेगळ्या प्रोसेसरने मोजायची आणि दर टप्प्याला कडेचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे. एक जरी मागे पडला, तरी बाकीचे खोळंबतात.

पुढे २००३मध्ये 'परम पद्म' महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१वा आला; २००७मध्ये टाटांचा पुण्यातला 'एका' थेट चौथा. २०२४मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाचा 'अर्का' आला. तो फ्रेंच कंपनीचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण २०२५पासून त्यावर चालणारी, सहा किलोमीटरच्या चौकोनांची अंदाजप्रणाली याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रचली आहे. माझ्या मते खरी कमाई हीच. आता हवामान आणि कृषी खात्यांनी एवढे करावे: हा अंदाज नार्नूरच्या शेतकऱ्याला मराठी, गोंडी, लंबाडी, तेलुगू यांपैकी त्याच्या भाषेत, आणि पेरणीआधी मिळावा.