सरईचा भुंगा (साल बोरर)

साल वृक्षाचे खोड पोखरून उभे झाड मारणारा कीटक. शास्त्रीय नाव हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस, कुल सेरॅम्बिसिडी. मराठीत ‘साल’ म्हणजे खोडाची त्वचाही. घोटाळा नको म्हणून येथे वृक्षाला मध्य प्रदेशातील बालाघाटकडचे ‘सरई’ हे नाव वापरले आहे.

बालाघाट जिल्ह्यात बैहरच्या पठारावर, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की भागापर्यंत, सरईची वने पसरली आहेत. तेथे हा भुंगा नेहमीचाच रहिवासी. युरोपातून अमेरिकेत शिरून ॲपलाचियन पर्वतातील फर वृक्ष सुकवणाऱ्या माव्यासारखा तो परका नव्हे. कॅनडातील पाइनची वने फस्त करणाऱ्या देशी भुंग्याशी त्याचे अधिक जुळते: एरवी मोजका, संधी मिळताच अफाट.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की गडद तपकिरी प्रौढ भुंगे खोडांतून बाहेर पडतात. मादी झाडाच्या जखमेत, सालीच्या भेगांत अंडी घालते. एका मादीची अंडी शंभरावर, कधी तीनशेपर्यंत. आठवडाभरात अळ्या निघतात, आधी सालीखालचा भाग खातात, मग थेट गाभ्यात शिरतात. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी लांब असते. कोष गाभ्यातच होतो आणि नवा भुंगा पुढच्या पावसाची वाट पाहत आत बसून राहतो. निरोगी सरई राळ सोडून अळ्यांना बुडवून मारते. अळ्या शेकड्यांनी आल्या की राळ पुरत नाही. बुंध्याशी पिठासारख्या भुशाचा ढीग साचतो, शेंडा वाळू लागतो.

1923 ते 1928 या काळात बालाघाट व मंडला भागात या भुंग्याच्या साथीत सुमारे 70 लाख झाडे गेली. नोंदलेल्या साथींपैकी ही सर्वांत भीषण मानली जाते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, बालाघाट आणि आजच्या छत्तीसगडच्या लगतच्या वनांत पुन्हा मोठी साथ आली. भुसा व शेंड्याची स्थिती पाहून झाडांचे सात वर्ग पाडले गेले; कोणती तोडायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. वाद रास्त होता, कारण साथीच्या नावाखाली हिरवी झाडेही पडू शकतात.

उपाय साधा, पण कष्टाचा. पावसाळ्यात एखादी सरई पाडून तिचे ओंडके करतात आणि टोकांची साल ठेचतात. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगे लांबून येतात, रस पिऊन सुस्तावतात. गावकरी ते हाताने वेचतात. भुंग्यांची डोकी मोजून मजुरी मिळते. कान्हासारख्या वनात औषध फवारण्यापेक्षा हेच इष्ट. सुतारपक्षी आणि अलाउस नावाच्या भुंग्याची अळीही सरईच्या बाजूने काम करतात.

तरी साथ वाढण्यात माणसाचा हात असतो. पावसाळ्यात वनात पडून राहिलेले सालीसकट ओंडके आणि कुऱ्हाडीने जखमी झालेली झाडे हीच भुंग्याची पैदास-केंद्रे ठरतात. तोडलेले लाकूड जूनच्या पहिल्या पावसाआधी वनाबाहेर गेलेच पाहिजे.