पडत्या डावाचा फलंदाज कोणता?

मंडळी, क्रिकेटवर गप्पा रंगल्या की एक प्रश्न हटकून निघतो. मग ती गप्पा सोलापूरच्या पार्क मैदानावरची असो की कुंभारीच्या पारावरची. संघ बुडायला लागला, तर नाव किनाऱ्याला कोणी लावावी? आपल्या मराठी मुलुखाने एवढे फलंदाज दिले. त्यांत अडीअडचणीचा खरा फलंदाज कोणता?

नुसत्या धावांच्या बेरजेवरून हा निवाडा करता येत नाही. तीनशेला दोन बाद असताना शतक काढणे निराळे आणि शून्याला चार बाद असताना पन्नास काढणे निराळे. म्हणून आपण तीन गोष्टी पाहू. तो उभा राहिला तेव्हा संघाची अवस्था काय होती? समोर गोलंदाज कोण होते? आणि हे त्याने एकदाच केले की पुन्हा पुन्हा?

पहिले नाव विजय हजारे यांचे. जन्म सांगलीचा, १९१५ सालचा. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात ते ‘रेस्ट’ संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळत होते. फॉलोऑन मिळालेला. त्या डावात संघाच्या धावा ३८७ आणि त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली; विवेक यांच्या वाट्याला त्यांतल्या फक्त २१ आल्या. पण ते एक टोक धरून उभे राहिले नसते, तर ३०९ कुठून झाल्या असत्या?

पुढे १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडची कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केलेल्या. भारताचे १३३ धावांत पाच गडी बाद झाले होते, तेव्हा हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी १८८ धावांची भागीदारी केली. हजारे ११६, फडकर १२३. फॉलोऑननंतर लिंडवॉलने पहिले दोन गडी शून्यावर घेतले. हजाऱ्यांनी पुन्हा १४५ काढल्या. सगळ्या संघाच्या २७७ होत्या; म्हणजे निम्म्याहून अधिक त्यांच्याच.

आणि १९५२ चे लीड्स. हजारे आता कप्तान होते. दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नाही आणि चार गडी बाद! ट्रूमन नावाचा नवा दमाचा गोलंदाज पहिल्याच कसोटीत आग ओकत होता. सव्वीसवर पाचवा गडी गेला. तेव्हा पुन्हा तीच सांगली-कोल्हापूरची जोडी उभी राहिली. हजारे ५६, फडकर ६४, आणि भागीदारी १०५ धावांची.

आता तुम्ही म्हणाल, “अहो, पण ॲडलेड आणि लीड्स दोन्ही सामने आपण हरलो. जिंकून देतो तो खरा!” शंका रास्त आहे. मग मडगावचे दिलीप सरदेसाई आठवा. १९७१ साली किंग्स्टनला ७५ धावांत पाच बाद असताना त्यांनी २१२ काढल्या. जोडीला एकनाथ सोलकर होते. ब्रिजटाउनला ७० धावांत सहा बाद, तिथे १५०. साथीला पुन्हा सोलकरच. पोर्ट ऑफ स्पेनला ११२ धावा करून विजयाला हातभार लावला. वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका भारताने प्रथमच जिंकली, त्यात त्यांच्या धावा ६४२.

तरीही माझे मत हजाऱ्यांकडे झुकते. विजय हा अकरा जणांचा असतो. सरदेसायांच्या पाठीशी बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन असे गोलंदाज होते. हजाऱ्यांच्या संघाला समोरच्याच्या ६७४ धावा मोजाव्या लागल्या. शेतकरी उत्तम मशागत करतो, पण पाऊस त्याच्या हातात नसतो. म्हणून मशागतीची किंमत कमी होत नाही. शिवाय सरदेसायांचे हे सोने एका दौऱ्यातले; हजाऱ्यांनी नऊ वर्षांत तीनदा, लिंडवॉल-ट्रूमनसारख्यांपुढे ते करून दाखवले.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र आणखी एक नाव सांगायचे आहे, आपल्याच सोलापूरचे. पॉली उम्रीगर यांचा जन्म इथला, १९२६ चा. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात सात डावांत त्यांच्या अवघ्या ४३ धावा झाल्या. ट्रूमनला ते घाबरतात, असा शिक्का बसला. दहा वर्षांनी, १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला हॉलसारख्या वेगवान गोलंदाजापुढे फॉलोऑन खेळताना त्याच उम्रीगरांनी नाबाद १७२ काढल्या. त्याच सामन्यात पाच बळीही घेतले होते!

अमेरिकेत बेसबॉलमध्येही मोक्याच्या फटक्याचा असाच वाद चालतो. तिथल्या आकडेमोड करणाऱ्या बऱ्याच अभ्यासकांचे म्हणणे असे पडले, की वेळेला चमकणारा खेळाडू बहुधा एरवीही चांगलाच असतो. ऐनवेळची वेगळी जादू अशी फारशी सापडत नाही. उम्रीगरांकडे पाहिले की हे पटते. एका उन्हाळ्यावरून माणूस भित्रा ठरत नाही.

तेव्हा वर्गात एखादा मुलगा फळ्यापुढे अडखळला, तर लगेच शिक्का मारू नका. त्याला पुन्हा खेळायला पाठवा. आणि जमल्यास दुसऱ्या टोकाला एखादा विवेक, एखादा फडकर, एखादा सोलकर उभा करा.